निवृत्तीआबांचा घागरा

मंडळी, आज मी मरता मरता वाचलो.

पणदऱ्याच्या आमच्या गुऱ्हाळावर बैल जाऊन इंजिन आलं, तेव्हापासून जुने गडी निवृत्तीआबा गुडघ्याएवढा खाकी घागरा घालून कामाला येतात. पलटणीतून लढाईवर गेले असताना गोऱ्या शिपायांच्या अंगावर त्यांनी तसा पाहिलेला; त्याला लोंबतं टोक नाही, म्हणायचे. मी रोज हसायचो.

आज चरकात ऊस घालताना माझ्या धोतराचा लोंबता सोगा इंजिनाच्या पट्ट्यात गेला. मी ओढला जाऊ लागलो.

"गाठ सोड! लाजतोस काय!" आबा ओरडले. माझे हात चालेनात. त्यांनीच विळ्यानं गाठ कापली. पट्ट्यानं धोतराच्या चिंध्या केल्या.

आबांनी स्वतःचा घागरा मला गुंडाळला आणि लंगोटावर चरकाशी उभे राहिले.

घरी येताना वाटेत माझा घागरा बघून एकजण हसला. मी त्याच्या लोळणाऱ्या सोग्याकडं बघत राहिलो.

मंडळी, तुमचा सोगा आत्ता कुठं आहे?