फेकू नको

ही गोष्ट सांगायची वेळ आली की मी दुसरीच सांगत आलो. गोंदियाजवळ कुडव्यात राहायला आल्यापासून संध्याकाळी चौकातल्या पानठेल्यासमोर आम्ही दोन-चार निवृत्त मास्तर बसतो. कोणी ना कोणी विषय काढतोच, की तुमच्या शाळेच्या पोरी नागपुरात जिंकता जिंकता कशा हरल्या. मग मी नागपूरच्या पोरींचे बूट सांगतो, त्यांचं गुळगुळीत मैदान सांगतो, पंचाची शिट्टी सांगतो. कधी संस्थेच्या अध्यक्षांच्या माथी मारतो, की त्यांनीच मध्यंतरात येऊन ‘आता राखून खेळा’ म्हटलं. अध्यक्ष आता हयात नाहीत, त्यामुळे खोडून काढायला येत नाहीत. त्यांनी तसं काही म्हटलं नव्हतं. मध्यंतरात ते चहा प्यायला गेले होते.

मी कामठ्याच्या बाजूच्या एका शाळेत खेळाचा मास्तर होतो. गोंदिया जिल्हा नुकताच भंडाऱ्यापासून वेगळा झाला होता, आणि आमच्यासारख्या शाळेला पहिल्यांदाच जिल्ह्यात जिंकून थेट नागपूरला जायची वाट मोकळी झाली होती. आमचं बास्केटबॉलचं मैदान म्हणजे शाळेमागची सिमेंटची फरशी. दिवाळीनंतर गावातले लोक तिच्यावर धान वाळवायचे. पोरी आधी झाडू मारायच्या, मग खेळायच्या, आणि तरीही तूस पायाला चिकटून रात्रभर खाज सुटायची. बूट दोघी-तिघींकडे होते. बाकीच्या अनवाणीच पळायच्या, आणि पळायच्या मात्र अशा की बघणाऱ्याला धाप लागावी.

त्या संघाचा सगळा खेळ एका पोरीच्या हातावर उभा होता. तिचा बाप एका पोवार शेतकऱ्याच्या धानाच्या बांध्या बटईने, अर्ध्या वाट्यावर, करायचा. धान रोवण्याच्या दिवसांत ती शाळेत यायची नाही, म्हणून एकदा मी चिडून तिला शोधत शेतावर गेलो. ती दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर उभी होती. खाली चिखलात बाया ओळीने वाकून रोवत होत्या आणि ही वरून पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंड्या फेकत होती. बाई जिथे आहे तिथे नाही; रोवत रोवत मागे सरकून तिचा हात रिकामा होईल, नेमकी तिथे. एकाही बाईला मान वर करावी लागत नव्हती. मी रागवायचं विसरलो. बराच वेळ बघत राहिलो आणि मग म्हणालो, उद्यापासून बॉल असाच फेकायचा.

तो आमचा खेळ झाला. समोरच्यांचा नेम चुकून बॉल बास्केटच्या कड्यावरून परत आला की ही उंच उडी मारून तो धरायची आणि खाली पाय टेकायच्या आत लांब फेकायची. पुढे पळणारी पोरगी जिथे पोचणार असेल, तिथे बॉल तिच्याआधी नाही आणि नंतरही नाही असा पोचायचा. कधी चुकायचाही. पण दहात दोन चुकले तरी आठ आमचेच. जिल्ह्यातल्या कोणत्याच संघाला ते झेपलं नाही.

नागपूरला निघायच्या आधी तिचा बाप शाळेत आला. माझ्यासमोर खुर्चीत बसला नाही, दारात उभा राहूनच बोलला. नागपूरला मोठे साहेब पोरी निवडतात, निवडलेल्या पोरींना सरकारी वसतिगृहात ठेवून पुढचं शिकवतात, हे त्याच्या कानावर आलं होतं. तो म्हणाला, "निवडली तं जाऊ देतो, मास्तर. नाही निवडली तं दहावी झाली का बस. मंग मले कायी म्हणाचं नाही." मी म्हणालो, निवडतील. न निवडायला काय झालं? मला खरोखर तसं वाटत होतं.

नागपूरच्या संघाविरुद्ध मध्यंतरापर्यंत आम्ही एकोणीस गुणांनी पुढे होतो. आमच्या अनवाणी पोरींकडे बघून आधी हसणारे लोक आता नीट बसून बघत होते. पोरी पाणी पिता पिता एकमेकींना चिमटे काढत होत्या. एक जण म्हणाली, "आता यायले काऊन दमवता, घरी जाऊ द्या बिचाऱ्याहीले." आणि नेमक्या त्याच वेळी मला भीती वाटायला लागली.

ती कशी, ते सांगणं अवघड आहे. आमचा बाप धान पिवळा पडायला लागला की वेगळाच माणूस व्हायचा. तोवर ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांना धुऱ्यावरून जाऊ देणारा माणूस, पण लोंब्या भरल्या की घरच्या पोरांनाही शेतात पाऊल टाकू द्यायचा नाही. हाती आलेलं राखावं, एवढंच म्हणायचा. धानाला ते लागू होतं. पिकलेला धान कापणीपर्यंत आहे तिथेच उभा राहतो, त्याला फक्त राखायचं असतं. त्या दिवशी मला ते एकोणीस गुण उभ्या पिकासारखे दिसायला लागले. मी पोरींना गोळा केलं आणि सांगितलं, आता पळापळ नको. बॉल आपल्याकडेच ठेवा, आपसात फिरवा, वेळ जाऊ द्या. त्या काळी आमच्या सामन्यांत बॉल किती वेळ ठेवायचा, हे मोजणारं वेगळं घड्याळ नसायचं. ठेवाल तेवढा ठेवता यायचा. आणि तिला वेगळं सांगितलं, "तू लांब फेकू नको. चुकला तर फुकट त्यांना मिळेल."

ती म्हणाली, "काऊन, सर? चांगलं तं चालून राहिलं."

मी म्हणालो, "सांगतो तेवढं कर."

पुढचं मी कितीदा तरी मनात पाहिलं आहे. ज्या पोरी पळत होत्या, त्या उभ्या राहिल्या. उभं राहून बॉल फिरवायची आम्हाला सवयच नव्हती. आम्ही कधी तसे खेळलोच नव्हतो. नागपूरच्या पोरींना आता कोणामागे पळायचं नव्हतं, फक्त अंगावर यायचं होतं. एक बॉल गेला, दुसरा गेला. तीन-चार वेळा तिने उडी मारून बॉल धरला, पुढे आमची पोरगी मोकळी पळाली, आणि प्रत्येक वेळी हिने हात मागे नेऊन थांबवला. तिच्या खांद्याला ते कळत नव्हतं. दर वेळी तिला झटका बसल्यासारखं व्हायचं. गुणांचं अंतर कमी होत होतं, आणि ते जसं कमी होईल तसा मी जास्तच ओरडत होतो, "धरून ठेवा, धरून ठेवा." खरं तर तेव्हाही पोरींना मोकळं सोडलं असतं तर चाललं असतं. पण इतकं राखून इतकं गेलं, आता तर राखायलाच हवं, असं डोक्यात बसलं होतं.

शेवटी एकाच गुणाची आघाडी उरली. बॉल तिच्या हातात आला, आमच्याच कड्याखाली. पलीकडे आमची एक पोरगी एकटी पळत होती, हात वर करून. मधे कोणी नव्हतं. तिने त्या पोरीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

मी हात पुढे करून पंजा दाखवला. थांब.

ती थांबली. दोघी जणी तिच्यावर तुटून पडल्या, बॉल हिसकला आणि तिथल्या तिथे आमच्या कड्यात टाकला. शिट्टी झाली. आम्ही एका गुणाने हरलो.

इथपर्यंत झाली ती चूक होती. चूक माणसाकडून होते. मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं.

मैदानाच्या कडेला नळ होता. मी तोंड धूत होतो, तेव्हा पोरी निवडणारे साहेब जवळ आले. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. म्हणाले, "त्या उंच मुलीचा हात फार चांगला आहे. पहिल्या अर्ध्यात काय फेकत होती. पण नंतर एकही लांब पास नाही. शेवटी तर समोर मुलगी मोकळी होती. घाबरली का?"

मला फक्त एवढंच सांगायचं होतं, की मी नको म्हणालो. पण त्यांच्यामागे अध्यक्ष उभे होते, आमचे दोन सहकारी मास्तर उभे होते, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी रुमालाने तोंड पुसलं. पुसायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ पुसलं. आणि म्हणालो, "हो. दडपणात जराशी घाबरते ती."

साहेबांनी मान हलवली आणि गेले. मी वळलो तर ती पाण्याची कॅन घेऊन मागे उभी होती, नळ मोकळा व्हायची वाट बघत. मी बाजूला झालो. तिने कॅन नळाखाली लावली.

निवडीत आमच्या संघातल्या दोघींची नावं लागली. तिचं नव्हतं.

गावात बातमी आमच्याआधी पोचली होती. गोंदियात पानठेल्यावर मला म्हणायचे, "क्या मास्टरजी, बीस पॉइंट खा गए?" आणि हसायचे. माझं तेवढ्यावर भागलं. ती डोक्यावर भारा घेऊन निघाली की पारावर बसलेले रिकामे लोक ओरडायचे, "धर बाई, धरून ठेव, सोडू नको." मी ते ऐकलं आहे. सायकलवरून जात होतो, आणि पायडल मारायचं थांबवलं नाही.

दहावी झाल्यावर बाप बोलल्याप्रमाणे वागला. सालेकशाकडे तिचं लग्न झालं. लग्नाला मी गेलो, आहेर दिला, जेवलो. मांडवात तिने वाकून नमस्कार केला तेव्हा वाटलं, आता सांगावं. मग वाटलं, इतक्या लोकांत कशाला, निवांत भेटू. पुढे एकदा गोंदियाच्या स्टेशनवर दिसली, कडेवर मूल होतं. गाडीला वेळ होता. मी मुलाला बिस्किटाचा पुडा घेऊन दिला आणि पावसापाण्याचं बोललो. घाई कशाला, योग्य वेळ येईल, असं दर वेळी वाटायचं. अशी वर्षं गेली आणि मी निवृत्त झालो.

काही वर्षांपूर्वी एका जुन्या सहकाऱ्याकडच्या लग्नासाठी सालेकशाला गेलो, तेव्हा ठरवूनच तिच्या घरी गेलो. तिचा नवरा तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या केंद्रावर, मुंशी आहे. तो कामावर होता. अंगणात तिचं सासूसोबत पानांचे पुडे बांधणं चालू होतं. ती बांधलेला पुडा न बघताच मागे फेकायची आणि तो सासूच्या हाताशी जाऊन पडायचा. मी फाटकातच थांबलो. हात तोच होता.

तिने खाट टाकली, चहा ठेवला. तिची पोरगी शाळेतून आली, तिच्या बगलेत बॉल होता. शाळेत खेळते म्हणाली. मला विचारलं, "तुमीच काय आईचे सर?" मी हो म्हणालो.

मी सुरुवात करणार तेवढ्यात तीच बोलली. "सर, तुमाले एक सांगाचं होतं. कईपासून मनात आहे. तवा माझ्यापायी तुमची मोठी बदनामी झाली."

मी म्हणालो, "जुन्या गोष्टी आहेत त्या."

"नाही जी, सांगू द्या. तुमी मले फेकू नको म्हणलं, तवा मले तुमचा राग आला होता. मंग नळावर तुमी त्या साहेबाले सांगतलं ना, तवा समजलं. मी भेवते हे सराले आधीच माईत होतं, म्हणून थांबवलं. मलेच माईत नव्हतं." ती हसली. मग पोरीकडे बोट दाखवून म्हणाली, "हिले मी रोज सांगते, माझ्यासारखं भेवाचं नाही. मले माफ करजा, सर."

चहा निवत होता. सासू पुडे बांधायचं थांबवून माझ्याकडे बघत होती. पोरगी बॉल मांडीवर घेऊन बसली होती. मी कप तोंडाला लावला आणि तो रिकामा होईपर्यंत काढला नाही. मग म्हणालो, "जाऊ दे. झालं गेलं."

निघताना तिने चारोळीची पुडी दिली आणि फाटकापर्यंत सोडायला आली. मी म्हणालो, "येतो, बाई." ती म्हणाली, "येजा, सर."

सालेकसा दूर नाही. गाडी तिथे थांबते, आणि माझे गुडघे अजून तेवढं चालतात. अंतराचं कारण मला सांगता येणार नाही. फाटकात उभं राहून मला जे म्हणायचं होतं ते पाठ होतं, आजही आहे.

बाई, तू भेली नव्हतीस. भेलो मी होतो. तुझा हात बरोबर सांगत होता, तो मी धरला. मग तूच भेलीस असं सांगितलं, आणि तू ते इतकी वर्षं खरं मानलंस. ते खरं नाही. तुझ्या पोरीला सांग, की खरं नाही. मला माफ कर.