करंट गेला की आक्का ऐकायची

आज वडगावात आमच्या गल्लीत करंट आहे, तरी एकही माग चालू नाही.

माझी आई गेली. काल संध्याकाळी, घरीच.
सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची, म्हणून मीही लहानपणापासून आक्काच म्हणत आलो.

लग्न होऊन आली तेव्हापासून ती पॉवरलूमवर साड्या विणत होती. माग घरातच, पुढच्या सोप्यात. त्या खडखडाटात तिचे कान हळूहळू गेले.

मी डिप्लोमा अर्ध्यात सोडला आणि एका कारखान्यात टेस्टिंगला लागलो. तिथं पंपाला सेन्सर लावायचा आणि त्याच्याकडून येणारा सिग्नल कॉम्प्युटरवर घ्यायचा.
आपल्याला जे मोजायचं आहे ते सिग्नल. त्यात बाहेरून घुसलेलं, नको असलेलं, ते नॉईज.

पैसे साठवून आक्काला कानाचं मशीन आणलं. ते घालून ती मागाजवळ गेली आणि तशीच परत आली.

"काय घातलास रं कानात? आख्खा कारखाना आत आला की!"

मी मशीनचा आवाज वाढवून बघितला. आणखीच वाईट.

आवाज असा वाढवणं, त्याला गेन म्हणतात. गेन वाढवला की सिग्नल मोठा होतो, पण त्याच्याबरोबर नॉईजही तितकाच मोठा होतो.
आक्काला ओठ वाचता यायचे. तिच्यासमोर बसून, एकेक शब्द सावकाश उच्चारत मी हे समजावलं.

"म्हंजे कान हाय तसा बरा. गल्लीच खराब. व्हय?"
"व्हय."
"मग गल्ली बंद कर की!"

मशीन डब्यात गेलं. मला वाटलं, संपलं आता. आक्काला माझा आवाज पुन्हा कधी ऐकू येणार नाही.

एका दुपारी करंट गेला.
विणकरांच्या गल्लीत करंट गेला की सगळे माग एकदम थांबतात आणि माणसं बाहेर येऊन शिव्या घालतात.
आक्का मात्र मशीन कानात घालून उंबऱ्यावर येऊन बसली.

"बोल आता, काय बोलायचं ते."

मी विचारलं, "जेवलीस काय?"
"एवढंच? एवढ्यासाठी गल्लीचा करंट घालवला व्हय देवानं?"

तेव्हापासून ते आमचं ठरूनच गेलं.
करंट गेला की आम्ही दोघं उंबऱ्यावर.
शेजारची काकी चिडायची. "हितं सगळ्यांचं काम खोळंबलंय आणि ह्या मायलेकरांना हसू कशाचं येतंय?"

एकदा आक्कानं विचारलं, "मागावर बसून मी गाणं म्हणते. मला काय ऐकू येत न्हाय. कसं येतंय रं?"
"लई भारी."
"खोटं. ओठ दाबून हसतोयस."

गेल्या महिन्यात तिनं अंथरूण धरलं. मशीन कानाला सहन होईना. डोळेही मिटलेलेच असायचे, म्हणजे ओठ वाचणंही गेलं.
मी तिच्या कानाशी ओरडायचो. ती तशीच पडून असायची.
मला एकच भीती होती. आता माझं काहीच तिच्यापर्यंत पोचणार नाही.

कारखान्यात आम्हाला सांगतात, मोजायचं आहे त्याच्या शक्य तितका जवळ सेन्सर लावा. मधे अंतर राहिलं की नॉईजला जागा मिळते.
मला हे सुचलं नाही.
आक्कानं डोळे मिटूनच हात पुढे केला. चाचपत माझ्या गळ्यावर तळवा टेकवला.

"बोल."

सगळ्या गल्लीतले माग चालू होते.
धीराचं काहीतरी बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडातून दुसरंच निघालं.

"आक्का, मला लई भ्या वाटतंय गं."

तिनं तळवा आणखी दाबून धरला.

"व्हय. लागतंय हाताला."

झोप लागेपर्यंत तिनं तो हात काढला नाही.

आक्का, सावकाश जा गं.