दुसऱ्या अक्षरावरचा आघात

देवपूरच्या कॉलेजात बी.ए.ला असताना आमच्या इंग्रजीच्या सरांनी लांबलचक शब्द फोडायला शिकवलं. हनुवटीखाली हात धरायचा, शब्द सावकाश म्हणायचा. हनुवटी जितक्यांदा खाली येईल तितकी त्याची अक्षरं. मग आघात कोणत्या अक्षरावर येतो ते शोधायचं. ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्यावर असतो, पण ‘फोटोग्राफर’ म्हटलं की दुसऱ्यावर सरकतो आणि उच्चार होतो ‘फटॉग्रफर’. हे कळलं त्या दिवशी अख्खी इंग्रजी हाती आल्यासारखी मी चालत होते.

घरी भाकरी भाजतानाही सराव चालायचा. आईनं दोन दिवस पाहिलं आणि मग विचारलं, “तुनी दाढ दुखस का?” उत्तराची वाट न बघता तिनं लवंग दिली. ती दाढेखाली धरूनच मी ‘युनिव्हर्सिटी’ची पाच अक्षरं मोजली.

बी.एड. झाल्यावर धरणगावकडच्या एका खेड्यात शाळेची मुलाखत होती. वाचायला दिलेल्या उताऱ्यात नेमका तोच शब्द आला. मी ‘फटॉग्रफर’ असं वाचलं. हेडमास्तर थांबवून म्हणाले, “फोटोग्राफर म्हणा, बाई.”

“सर, आघात दुसऱ्या अक्षरावर येतो.”

नोकरी गेली, असं मी मनाशी म्हटलं. तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष, सगळे त्यांना आबा म्हणत, हसले. “हेडमास्तर, तुमनं इंग्रजी माले बठ्ठं समजस. या बाईनं काहीच समजनं नही. म्हणजे खरं इंग्रजी हाईच शे!”

अशी मी शिक्षिका झाले. आठवीचा सगळा वर्ग हनुवटीला हात लावून बसू लागला.

वर्षभरानं तपासणीला साहेब आले. पहिल्या बाकावरच्या मुलीनं ऐटीत वाचलं, “फटॉग्रफर.”

“चूक,” साहेब म्हणाले. “फोटोग्राफर. काय बाई?”

माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. “हो, साहेब,” मी म्हणाले. मुलीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शब्द साहेबांसारखा पुन्हा वाचला. शेऱ्यात साहेबांनी माझ्या उच्चारांच्या अध्यापनाचं कौतुक केलं.

त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहून मी सांगितलं, “काल हिचं बरोबर होतं. चुकलं ते माझं.”

ती मुलगी उठली आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, “माले माहीत व्हतं, बाई. तुम्ही भ्यायल्या होत्या ना?”