विश्वामित्रीच्या पुरात मिळालेली सोबत

आई गेल्यापासून मी देवाची पूजा करत होते, पण त्याच्याशी बोलत नव्हते. सकाळी आंघोळ झाली की दत्ताच्या चांदीच्या टाकाला गंध लावायचं, फूल वाहायचं, दिवा लावायचा आणि स्वयंपाकघरात निघून जायचं. मागण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि भांडायचीही इच्छा नव्हती. मी लग्न केलं नाही. मराठी शाळेत विज्ञान शिकवत होते. मुलं कमी होत होत शाळा बंद पडली, मी निवृत्त झाले आणि त्याच वर्षी चैत्रात आई गेली. दिवसभरात माझा आवाज मला ऐकू यायचा तो फक्त भाजीवाल्याशी बोलताना.

आमचं घर बडोद्यात विश्वामित्रीपासून फार लांब नाही. खाली आम्ही, वर भाडेकरू, आणि वर जायचा जिना बाहेरून. वरच्या मजल्यावर नटुभाई राहत. मांडवीत त्यांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. पत्नी वारल्यावर आणि पुढे घशाचं मोठं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी ते पुतण्याच्या हवाली केलं होतं. ऑपरेशननंतर त्यांना मोठ्याने बोलता येत नसे, नुसती कुजबुज. आईनेच त्यांना जागा दिली होती. "भाडेकरू असावा तर असा, आवाज नाही," असं ती हसून म्हणाली होती. रोज संध्याकाळी ते खोडियार मातेची आरती करत, म्हणजे फक्त घंटा वाजवत. ती तेवढी खाली ऐकू यायची. जिन्यात भेटले तर ते हात जोडत, मीही जोडत असे. एवढीच ओळख.

त्या श्रावणात पाऊस थांबेचना. वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि नदी गावात शिरली. सकाळी अंगणात होतं ते पाणी पाहता पाहता घरात आलं. वीज गेली, फोन बंद पडला. मी दत्ताचा टाक रुमालात बांधून कमरेला खोचला आणि जेवणाच्या टेबलावर चढून बसले. आईची खाट पाण्याखाली गेली, तिच्या औषधांचे डबे तरंगू लागले. तेव्हा मला भीती वाटली नाही, हे खरं सांगते. शाळा गेली, आई गेली, आता घर चाललं होतं. कितीतरी महिन्यांनी मी देवाशी बोलले. म्हटलं, न्यायचंच असेल तर आता ने, माझी काही तक्रार नाही.

थोड्या वेळाने फ्रिज उलटला आणि तरंगत टेबलावर येऊन आदळला. मग मात्र मी घाबरले. कमरेएवढ्या पाण्यात उतरले, भिंतीला धरत दारापर्यंत गेले. बाहेर पडून जिना गाठायचा, एवढंच डोक्यात होतं. कडीला हात लावला आणि वर घंटा वाजायला लागली.

भर दुपार होती. ही काय आरतीची वेळ? शिवाय घंटा नेहमीसारखी वाजत नव्हती. कोणीतरी जीव तोडून वाजवत होतं, थांबतच नव्हतं. मी कडी न काढता खिडकीपाशी गेले. वरच्या गॅलरीतून नटुभाईंचा अर्धा देह बाहेर आला होता. एका हाताने घंटा वाजवत दुसऱ्या हाताने ते जिन्याकडे दाखवत होते. जिन्याच्या खालच्या पायऱ्यांपाशी, माझ्या दारापासून चार हातांवर, एक मगर पडून होती. पाठीवरचे कंगोरे तेवढे पाण्यावर दिसत होते. आमच्या नदीत मगरी आहेत हे बडोद्यातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. तरी दार उघडायला जाताना ते मला आठवलं नव्हतं.

मी परत टेबलावर जाऊन बसले. पाणी चढतच होतं. बऱ्याच वेळाने बाहेर पाण्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला, मग दार वाजलं. उघडलं तर छातीएवढ्या पाण्यात नटुभाई उभे. हातात उत्तरायणात कापलेले पतंग पकडायचा लांब बांबू, त्याने आजूबाजूचं पाणी चाचपत ते आले होते.

"टीचर, चालो," ते कुजबुजले. "हमणां गई छे. पाछी आवशे."

आत्ता गेली आहे, परत येईल. मी उंबऱ्यावरच उभी राहिले. त्या काळ्या पाण्यात पाऊल टाकायचं, तेही जेमतेम ओळखीच्या माणसाच्या भरवशावर. त्यांनी हात पुढे केला. मी तो धरला. पायरीवर पाय लागेपर्यंत सोडला नाही, आणि वर पोचल्यावरही सोडायचं भान मला थोडं उशिराच आलं.

पाणी उतरेपर्यंत आम्ही दोघंच वर होतो. गॅलरीतून पाहिलं की सगळीकडे पाणी, त्यात गाड्यांची टपं आणि झाडांचे शेंडे. माणसाचा आवाज नाही. प्रलय म्हणतात तो असाच असेल असं वाटायचं. आत मात्र गॅसवर खिचडी शिजत होती. मगर पुन्हा दिसली तेव्हा नटुभाईंनी तिला हात जोडले. "माताजीनुं वाहन छे," म्हणाले.

"वाहन असेल, पण मला खाल्लं असतं," मी म्हटलं.

"एटले तो घंटडी वगाडी."

म्हणून तर घंटा वाजवली. मी हसले. आई गेल्यानंतर बहुधा पहिल्यांदाच.

संध्याकाळी त्यांनी देवीशेजारी पाट सरकवून जागा केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी रुमाल सोडून दत्ताचा टाक तिथे ठेवला. त्यांनी घंटा हातात घेतली, मी आरती म्हटली. पहिल्या कडव्यात माझा आवाज घोगरा निघाला, मग मोकळा झाला. संपल्यावर पाहिलं तर त्यांचे डोळे भरले होते. "पत्नी गेल्यापासून माझ्या देवीपुढे आरती कोणी म्हटली नव्हती," ते गुजरातीतून सावकाश म्हणाले. ते नीट ऐकू यावं म्हणून मला त्यांच्याजवळ सरकावं लागलं.

पाणी ओसरल्यावर खाली गुडघाभर गाळ होता. फावड्याने तो काढायला ते रोज येत. पुण्याहून भाऊ आला, म्हणाला, "आता इथे राहून काय करणार? चल माझ्याकडे." मी सामान बांधायला घेतलं. दारात उभं राहून नटुभाईंनी एवढंच विचारलं, "तमे जशो?" तुम्ही जाणार? त्यांचा चेहरा पाहिला आणि मी हातातलं पातेलं परत फळीवर ठेवलं. "नाही जात," म्हटलं.

पुढे आम्ही रजिस्टर पद्धतीने लग्न केलं. त्याआधी भावाला फोनवर सांगितलं.

"ताई, या वयात? आणि त्यांना तर बोलताही येत नाही ना?"

"हळू बोलतात. ऐकायला जवळ बसावं लागतं, एवढंच."

तोही लग्नाला आला. साक्षीदार म्हणून सहीही त्यानेच केली.

ती घंटा कोणी वाजवायला लावली, माझ्या दत्ताने की त्यांच्या मातेने, हे लोक विचारतात. मला ते ठरवता येत नाही. नटुभाई दुपारी गॅलरीत आले, त्यांना मगर दिसली आणि ओरडता येत नाही म्हणून त्यांनी हाताला लागली ती घंटा उचलली, इतकंच मला माहीत आहे. मात्र एक गोष्ट मला त्या दिवशी कळली. टेबलावर बसून मी 'ने' म्हटलं तेव्हा मला वाटलं होतं की आपण देवाला शरण गेलो. तेव्हा मी फक्त थकले होते. शरण जाणं झालं ते नंतर, त्या काळ्या पाण्यात पाऊल टाकून पुढे आलेला हात धरला तेव्हा. देवाने मला नेलं खरं, फक्त मी मागितलं होतं तिथे नेलं नाही, जिना चढवून वर नेलं. त्याचे उपकार फिटायचे नाहीत.