बोझूनंतरचा प्रश्न

मुलीनं कॅनडातल्या ओजिब्वे या आदिवासी जमातीतल्या मुलाशी लग्न ठरवलं, तेव्हापासून माझ्या नवऱ्यानं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. "कोण, कुठला, कुळ ना मूळ!" एवढं एकदाच म्हणाले आणि तोंडाला कुलूप लावलं. लातूरच्या घरात तो अबोला जाचायचा मात्र मला.

त्या रविवारी मुलाची आजी व्हिडिओ कॉलवर येणार होती. मुलीनं मला आजीच्या भाषेतले शब्द पाठवले होते. बोझू म्हणजे नमस्कार, आनीन म्हणजेही नमस्कारच, मीग्वेच म्हणजे आभार. भाकरी थापताना मी ते घोकायची. नांदेडला शाळेत पाढेसुद्धा इतके घोकले नसतील. "मंतर म्हणायलीस का काय?" हे पेपराआडून टोमणा मारायचे. असा राग यायचा! पण खरी भीती वेगळीच होती. आजीनंही नाक मुरडलं, तर पोरगी दोन्हीकडून तुटणार.

आजी दिसली, शेजारी आमची मुलगी. "बोझू," मी म्हटलं. तिनंही बोझू म्हटलं, पण तेवढ्यावर थांबली नाही. आपलं नाव सांगितलं, मग "मक्वा निंदोदेम," आणि मग गाव.

"आई, त्यांच्यात ओळख अशीच देतात," मुलगी म्हणाली. "मक्वा म्हणजे अस्वल. ते त्यांच्या कुळाचं चिन्ह. वडिलांकडून येतं. एकाच कुळात लग्न चालत नाही."

आजी पुढं वाकली. "अवेनेन गिदोदेम?"

"तुमचं कोणतं, विचारतायत."

म्हणजे देवकच की! आमचं देवक मला ठाऊक होतं. पण ते सांगावं घरच्या कर्त्यानं. मी मुद्दाम गप्प बसले. आजी वाट पाहत होती, पोरीचा चेहरा उतरत चालला होता आणि कोपऱ्यातला पेपर काही हलेना. उगाच ताणलं, आता तुटतंय, असं वाटलं.

"कळंब," पेपराआडून आवाज आला. "कळंबाचं झाड हाय म्हणावं आमचं."

मुलीनं सांगितलं. आजीनं समाधानानं मान हलवली.

"येगळं हाय की मग. अडचण न्हाई." पेपर खाली आला. "लग्न हिकडं करायचं का तिकडं, इचार पोरीला."

"तुम्हीच विचारा. समोर आहे," म्हणत मी फोन त्यांच्या हातात दिला.

"बाळ," ते म्हणाले, "हिकडं करायचं का तिकडं?"