दारातली वाळूची बादली

जुन्या बॅटऱ्या आणि किस्से, दोन्ही फेकता येत नाहीत. कोपऱ्यात साठतच जातात!

कळंबच्या बाजारगल्लीत आमचं मोबाईल आणि बॅटरी दुरुस्तीचं दुकान आहे. दुरुस्ती आमचे हे करतात, गल्ल्यावर मी बसते. वरच्या मजल्यावर घरमालक अण्णा आणि काकू राहतात. दुकान भाड्यानं देतानाच अण्णांनी सगळ्या गल्लीसमोर बजावलं होतं, "धूर दिसला की दुसऱ्या दिवशी कुलूप!"

याच दुकानावर आमचं घर चालतं. म्हणून दारात कोरड्या वाळूची लाल बादली ठेवली. फुगलेली बॅटरी आली की आधी वाळूत. पण लोक ऐकतील तर ना!

* * *

खेड्यावरून एक मावशी आल्या. पिशवीतून मोबाईलची बॅटरी काढली, पुरीसारखी टम्म फुगलेली.

"वैनी, पाट्याखाली दाबून ठिवली, वरनं वरवंटा ठिवला. तरी बसंना बघा!"

मी ती आधी वाळूत ठेवली. "मावशी, दाबायची नसते, टोचायची नसते. पेट घेते हो!"

"व्हय? मग बरं झालं बाई. आमचे धनी दाभण हुडकत हुते, घावलंच न्हाय!"

* * *

एका गुरुजींनी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. बॅटरीवर 'थंड व कोरड्या जागी ठेवा' असं वाचलं आणि ती काढून थेट फ्रिजमध्ये ठेवली! गाडी चालू होईना म्हणून तक्रार घेऊन आले. बॅटरीवर पाण्याचे थेंब जमलेले.

हे म्हणाले, "गुरुजी, थंड म्हणजे सावलीत. आणि फ्रिज कोरडा कुठं असतो?"

"कोरडाच की! शेजारचं दही मी झाकून ठेवलं होतं."

* * *

निकामी बॅटऱ्या आम्ही कचऱ्यात टाकू देत नाही. टोकांना चिकटपट्टी लावून डब्यात जमवतो, मग सोलापूरहून गाडी येऊन घेऊन जाते. एका आजींना मी सांगितलं, "दोन्ही टोकांना पट्टी लावून आणा बरं का."

आजींनी पट्टीचा एक चेंडूच आणला. आत कुठंतरी नातवाच्या खेळण्यातली बॅटरी होती.

"आजी, एवढी पट्टी?"

"टोक कुठलं ते दिसंना बाई. मग सगळीकडनं लावली!"

* * *

खंडेनवमीला यांनी स्क्रू-ड्रायव्हर, सोल्डरिंग गन मांडून हळदीकुंकू वाहिलं. पण दिवा लावू दिला नाही. "फूल वाहा, आग नको!"

समोरचे टेलर पाया पडायला आले. जरा वेळानं उदबत्तीचा वास आला. पाहते तर बादलीतल्या वाळूत, फुगलेल्या बॅटरीला लागून, उदबत्त्यांचा अख्खा जुडगा!

टेलर म्हणाले, "दुकानात उदबत्तीला कुठं जागा दिसंना, वैनी. म्हणलं, ही वाळू त्याच्यासाठीच ठिवली आसंल!"

* * *

आणि आमचे अण्णा! त्यांचा स्वतःचाच मोबाईल फुगला होता. मागचं झाकण उघडायला लागलं तर त्यांनी वरून रबर लावलं. हे कितीदा म्हणाले, "अण्णा, द्या, बॅटरी बदलून देतो."

"तुमचा धंदा कळतो मला! अजून लई चालतोय."

एका दुपारी जिन्यातून धूर यायला लागला. आता कुलूप लागणार! दुकानभर पाहिलं, सगळं जागच्या जागी. तेवढ्यात वरून काकू ओरडल्या, "धावा, ह्यांचा मोबाईल पेटला!"

हे बादली घेऊन वर पळाले. दोघांना बाहेर काढलं. चार्जिंगची वायर लावलेला मोबाईल फरशीवर फुसफुसत होता. बटण बंद करून दुरूनच वाळू ओतली, खिडक्या उघडल्या. बऱ्याच वेळानं वाळूसकट फावड्यावर घेऊन तो मागच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवला.

तोवर खाली सगळी गल्ली जमली. टेलर सगळ्यांच्या पुढं.

"अण्णा, धूर दिसला बरं का! आता कुलूप कुठं लावायचं? खाली का वर?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मिशीला काजळी लागली होती.

"धूर? कसला धूर? घरात पूजा हाय. ऊद घातलाय!"

"आसं व्हय!" टेलर पायरीवर मांडी घालून बसले. "मग परसाद घिऊनच जातो."

त्यांच्यामागं सगळी गल्ली बसली.

अण्णा हळूच काकूंकडं वळले, "अगं, शिऱ्यापुरता रवा हाय का घरात?"