पितृपंधरवड्यातली खरेदी

मालक, म्हणजे आमचे हे, जाऊन महिना झाला आणि हापिसातलं जुनं कॉम्प्युटर टकटक वाजायला लागलं.

धाराशिवात कोर्टाच्या मागं एका शटरचं आमचं मोजणीचं हापिस. मालक शेतं मोजायचे, मी नकाशे कॉम्प्युटरवर चढवायची. शिकवलं कुणी न्हाय, बघून बघून आलं. आता शिवारात सूनबाई जाते. नकाशांचं सॉफ्टवेअर मात्र त्या जुन्या मशीनवरच चालायचं. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली, त्यामुळं नव्यात ते बसत न्हाय. मशीन गेलं की मालकांनी मोजलेले सगळे बांध गेले.

सोलापूरचा मशीनवाला आला. कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "मावशी, डिस्क जायला आलीय. हे बंद करू नका, परत उठायचं न्हाय. चालू हाय तवर अख्खंच्या अख्खं उचलून नव्या मशीनच्या आत ठेवू. आतल्या आत ते आपलं वेगळं चालत राहील. हापिसातली बाकीची दोन कॉम्प्युटरं पण तिथंच बसवू."

मला लगेच कळलं. घर एक, चुली तीन.

सूनबाई म्हणाली, "आत्याबाई, घट बसले की आणू की. पितरांच्या दिवसांत नवी वस्तू कोण घेतंय?"

"आपण घेतोय. आता अजून काय वाईट व्हायचंय?"

चिडून न्हाय म्हणाले मी. भाजीत मीठ किती टाकू विचारल्यावर सांगावं, तसं सांगितलं. तेव्हा सगळंच तसं चाललं होतं. जेवायची, पण काय जेवले ते आठवत नसायचं.

निवडायला दोन मशीनं त्यानं गाडीतून आणली. पहिलं मोठ्या हापिसातून निघालेलं, चपटं, लई ताकदीचं. चालू केलं तर पिठाची गिरणीच. मी म्हणाले, "हे न्हाय चालायचं. अणदूरचे ते म्हातारे काका येतात नकाशासाठी, त्यांना आधीच ऐकू येत न्हाय. शिवाय लाइट गेली की आमचा इन्व्हर्टर याला किती पुरणार?"

"मावशी, तुम्ही तर मलाच पास-नापास करायला लागला!"

दुसरं उभं होतं, शांत. तिन्ही चुलींना पुरेल एवढी मेमरी. पाठ थोपटल्यागत त्याच्यावर हात मारत तो म्हणाला, "यात डिस्कची जोडी हाय. एक गेली तरी दुसरी काम चालवते."

सूनबाईचा चहाचा कप हातातच राहिला. तिनं माझ्याकडं बघितलं.

मी विचारलं, "गेलेलीच्या जागी नवी घातली, तर तिच्यात सगळं परत भरायला किती वेळ लागतो?"

"काही तास."

"मग हेच ठेवा."

जुन्या मशीनची नक्कल सकाळी सुरू केली. टकटक चालूच. मध्ये एकदा ती थांबली आणि आम्ही तिघंही उभे राहिलो. परत सुरू झाली तेव्हा सूनबाई खुर्चीत बसली. दुपारी नव्याच्या पडद्यावर एक खिडकी उघडली आणि तिच्यात आमचं जुनं कॉम्प्युटर जसंच्या तसं. अणदूरच्या काकांचा नकाशा सापडला. मालकांचा शेवटचा, पुरा केलेला.

"आता जुनं बंद करा," मशीनवाला म्हणाला.

मी बटण दाबलं. टकटक गेली.

"आत्याबाई, रडू येत असंल तर येऊ द्या."

"येत न्हाय गं."

तेवढ्यात काकाच दारात. एस्टीतून उतरून तसेच आलेले. "मालक हायत का?"

महिनाभर हे उत्तर सूनबाई देत होती. मी उठले, त्यांच्या कानापाशी गेले. ओरडावं लागंल असं वाटलं होतं, पण हापिसात कसलाच आवाज नव्हता.

"ते गेले, काका," मी म्हणाले. "तुमचा नकाशा हाय. बसा, काढून देते."